आसगावच्या मंडईचे उद्घाटक

आमच्या घरी काही वर्षं एक गृहस्थ राहत होते. त्यांना तुम्ही काहीही सांगितलं, तरी ते आधी विचारत, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"आज दूधवाला येणार नाही," असं मी म्हटलं तरी हाच प्रश्न. मी म्हणायचे, "त्याची बायको सांगून गेली." मग पुढचा प्रश्न, "तिने त्याला विचारलं होतं का?" तिने विचारलेलं नसायचं आणि थोड्या वेळाने दूधवाला यायचा. ते भुवया थोड्या वर करून चहा पीत राहत. हे सगळं संभाषण इंग्रजीत. माझं इंग्रजी नागपूरच्या कॉलेजातलं, त्यांचं पाद्र्यांच्या शाळेतलं. दोघांनीही ती भाषा परक्याकडून घेतलेली, त्यामुळे आम्ही एकमेकांशी फार जपून बोलत असू.

मागच्या आठवड्यात तुमच्या आईने फोनवर सांगितलं की जुन्या फोटोतला टाय घातलेला माणूस कोण, असं तुम्ही विचारता आहात. शेताच्या बांधावर, धोतरातल्या मोठ्या आजोबांच्या शेजारी तो उभा आहे, म्हणून तुम्हाला हसू आलं म्हणे. म्हणून हे लिहिते आहे. मला सगळं पहिल्यापासून शेवटापर्यंत लिहायची सवय आहे, पण या माणसाच्या बाबतीत ते जमेलसं दिसत नाही. हल्ली फार वेळ बसवतही नाही.

ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचे. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांचंही लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिथे असतील. आमच्या घरात सगळे त्यांना साहेब म्हणत, तुमची आई काका म्हणायची. ते मला मॅडम म्हणत.

पहिल्यांदा ते आले तेव्हा आम्ही चिखल्याला मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा तिथे भूगर्भतज्ज्ञ होते. साहेबांच्या देशातही मँगनीज निघतं, म्हणून दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीने व्यापाराचं बघणारा अधिकारी खाण पाहायला पाठवला होता. तो अधिकारी म्हणजे हे. खाणीत उतरताना त्यांनी डोक्यावर टोप घातला, पण टाय काढला नाही. मॅनेजर माहिती देत होते तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खाली बसलेल्या मजुरांना आजोबांच्या मार्फत विचारत होते की पाणी प्यायला कुठे जाता, आणि खाली गुदमरलं तर आधी कुणाला हाक मारता. मॅनेजर नंतर आजोबांना म्हणाले, "हा सरकारी माणूस वाटत नाही."

संध्याकाळी क्लबात त्यांचं भाषण झालं. दोन देशांची मैत्री, खांद्याला खांदा, उज्ज्वल भविष्य. टाळ्या झाल्या. मग आमच्या व्हरांड्यात येऊन ते खुर्चीत बसले आणि बूट सैल करत म्हणाले, "आज मी बरंच बोललो. त्यातलं चहा चांगला होता एवढंच खरं होतं."

असं बोलणारा सरकारी माणूस मीही आधी पाहिला नव्हता.

ते मूळचे वार्ताहर. गोऱ्यांचं राज्य असताना एका बंदरात हमालांचा संप झाला आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारने सांगितलं, कुणी मेलं नाही. हे तेव्हा विशीतले. घरोघर हिंडून कोण रात्री परत आलं नाही ते विचारत गेले, आणि छापलं. त्याबद्दल तुरुंगात गेले. सुटून आले तोवर देश स्वतंत्र होत होता, आणि तुरुंगातून आलेल्या शिकलेल्या माणसांना नव्या सरकारात जागा होत्या. "तुरुंगातून सरळ परराष्ट्र खात्यात," ते म्हणत. "मला फारसा फरक जाणवला नाही. दोन्हीकडे जेवण वेळेवर आणि भेटायला येणाऱ्यांची नोंद."

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी पालक निवडत होते, ते ओट्यापाशी उभे होते. काही वर्षांनी त्याच बंदरात पुन्हा संप झाला, पुन्हा गोळ्या सुटल्या. या वेळी सरकार त्यांचं होतं. परदेशी वर्तमानपत्रांत बातमी आली, तेव्हा खुलासा करायचं काम त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी लिहिलं, कुणी मेलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मॅडम, ते हमाल मला नावाने ओळखत होते," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला निघून गेले.

त्यानंतर त्यांनी आणखी देशांत नोकरी केली. राजदूत बदलत, हे त्यांच्या हाताखाली राहत आणि त्यांची भाषणं लिहून देत. राजदूत स्वतः कधी झाले नाहीत. त्याला मंत्र्याचा नातेवाईक लागे, किंवा सरकार पडण्याच्या आदल्या आठवड्यात योग्य माणसाबरोबर जेवलेला माणूस लागे. हे चुकीच्या माणसांबरोबर जेवत. त्यांच्याकडे एक लाकडी चौकट होती. तिच्यात राष्ट्राध्यक्षाचा फोटो. नवा आला की जुना काढायचा असा नियम, पण हे जुना काढत नसत, नवा त्याच्यावर सरकवत. शेवटी मागचा पुठ्ठा फुगून खिळे बसेनात. "चौकट सरकारी आहे," ते म्हणाले, "माणसं तात्पुरती."

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे पुन्हा सरकार उलथलं. वकिलातीतल्या सगळ्यांना परत बोलावलं. आधी परत गेलेल्यांपैकी काहींना विमानतळावरूनच नेलं आणि मग त्यांचं काही कळलं नाही. साहेब गेले नाहीत. तोवर आजोबांची बदली भंडाऱ्याला झाली होती आणि मी तिथे कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. एका दुपारी ते दोन पेट्या आणि टाइपरायटर घेऊन रिक्षातून उतरले. "मित्रा," ते आजोबांना म्हणाले, "मला आठ दिवस विचार करायचा आहे." अंगणापलीकडची खोली रिकामी होती. विचार काही वर्षं चालला.

त्यांना इथे राहायची परवानगी मिळाली ती दर वर्षी वाढवून घ्यायची होती. अट एकच होती, की आपण कुठल्या सरकारचे प्रतिनिधी आहोत असं कुठे म्हणायचं नाही. जुना पासपोर्ट रद्द झालेला. परवानगी वाढली नाही तर वकिलात त्यांना मायदेशी जाण्यापुरता कागद देणार, दुसरीकडे कुठे जाता येणार नाही. पत्नी पूर्वीच वारली होती, मूल नव्हतं. हे सगळं घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि रोजच्या रोज कुणी बोलत नव्हतं.

मे महिन्यातही ते टाय लावून वैनगंगेच्या पुलापर्यंत चालत जात. सुरुवातीला पोरं मागून पळायची, नावं ठेवायची. ते थांबून, वाकून त्यांना नमस्कार करत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोरं कंटाळली. संध्याकाळी ते रेडिओच्या घरघरीत आपल्या देशाची बातमी शोधत. सापडली नाही की म्हणत, "आज आम्ही शांत आहोत." सापडली की जेवत नसत.

आता मोठ्या आजोबांबद्दल. ते आजोबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. पवनीजवळच्या आसगावला त्यांची धानाची शेती. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोशी भासरे सरळ बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी ते आजोबांकडे तोंड करून बोलत. "मास्तरणीले विचार, चहात साखर टाकली का." मग मी आजोबांना सांगायचं, "टाकली म्हणावं." साहेबांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हळूच म्हणाले, "आमची आणि शेजारच्या देशाची बोलणी याच पद्धतीने होतात. पण मध्ये तीन देश लागतात."

भासऱ्यांचं आणि त्यांचं कसं जमलं ते मला कधी नीट कळलं नाही. एकाला इंग्रजी येत नव्हतं आणि दुसऱ्याला मराठी. पहिल्या भेटीत भासऱ्यांनी विचारलं, "काहून जी साहेब, तुमच्याकडं धान होते का?" आजोबांनी इंग्रजी करून सांगितलं. साहेब म्हणाले, होतं, माझा बाप धान लावत होता. भासऱ्यांनी त्यांचा टाय पाहिला, बूट पाहिले. "धानवाल्याचं पोर्गं," ते म्हणाले. "मंग इथं खोलीत बसून काय करून राहिला हा? याले गावाले घेऊन चाल."

तेव्हापासून रोवणीला आणि कापणीला साहेब आसगावला जाऊ लागले. बांधीतल्या चिखलात उतरायला कुणी सांगत नसे. बांधावर उभं राहून ते सगळ्यांना प्रश्न विचारत. हे बियाणं कुणाकडून आणलं. त्याने कुणाकडून आणलं. बाया हसायच्या, "साहेब आला, आता जबानी द्या." मराठी ते तिथेच शिकले, त्यामुळे ती आसगावचीच होती. इंग्रजीत शिष्टाचाराने बोलणारा हा माणूस मराठीत "मले जरा पानी देता का जी" असं म्हणायचा. अक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून शिकली. बोट ठेवून, अक्षर लावत, पण वाचायचे. छापलेलं काहीही हातात आलं की खिशातून पेन्सिल निघायची. माझ्या कॉलेजच्या इंग्रजी नियतकालिकाचा एकही अंक त्यांच्या हातून स्वच्छ सुटला नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, पाहुणेरावळे, आणि मग नाटक. नाटकाच्या पत्रकावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी नावं असतात, आणि कुणाच्या गावाने किती मोठा उद्घाटक आणला यावर वर्षभर बोललं जातं. त्या वर्षी आसगावच्या मंडळाचे अध्यक्ष भासरे होते. शेजारच्या गावाने आमदार ठरवला, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी साहेबांना ठरवलं.

छपाई भंडाऱ्याला होती. भासरे प्रूफ घेऊन आमच्याकडे आले आणि ते टेबलावर ठेवत आजोबांना म्हणाले, "साहेबाले दाखव. त्यायचं नाव हाय त्यात. आपल्या डोळ्यानं पाहून घेतलं म्हंजे बरं."

साहेबांनी चष्मा पुसला, पेन्सिल काढली आणि वरून सुरुवात केली. तारीख आणि वार जुळत नव्हते, ते दाखवलं. नटीचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे होतं, तेही. मग थांबले. "हजारो रसिकांच्या आग्रहाखातर," त्यांनी बोटाने वाचलं. "हजारो? कोनं मोजले जी?"

"तसं लिहा लागते," भासरे म्हणाले. "हजारो नाही लिहिलं तं लोक म्हनतीन, नाटकात दम नाही."

"ही जाहिरात आहे, बातमी नाही," साहेब मला इंग्रजीत म्हणाले. "राहू द्या."

खाली त्यांचं नाव होतं. त्याच्यापुढे एक शब्द त्यांना लागेना. "मॅडम, हे काय?"

"राजदूत," मी म्हणाले, आणि इंग्रजी शब्द सांगितला.

"कुठला?"

"आफ्रिकेचा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हसले, पण आवाज न करता, बराच वेळ. "आमच्या खात्याने मला एक लहानसा देशसुद्धा दिला नाही. तुमच्या भासऱ्यांनी अख्खा खंड दिला." मग पुन्हा पेन्सिल घेतली. "आफ्रिकेला राजदूत नसतो. हे असं छापलं तर लोक हसतील." 'आफ्रिकेचे' हा शब्द खोडून त्यांनी समासात आपल्या देशाचं नाव देवनागरीत लिहिलं. शाळेतल्या मुलासारखं, मोठ्या अक्षरांत.

मग पेन्सिल पुढच्या शब्दावर आली आणि तिथेच थांबली.

मी 'राजदूत'वर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही राजदूत नव्हता. आणि जे होता त्याच्याही आधी आता 'माजी' लागेल."

भासऱ्यांना शब्द कळले नसतील, पण माझं बोट कुठे आहे ते दिसलं. "मास्तरणीले सांग," ते आजोबांना म्हणाले, "पत्रकावर कोनाले माजी नाही लिहीत. सरपंच पडला तरी सरपंचच लिहितो आपन. जित्या मानसाले माजी कायले म्हनाचं? त्याले काय वाटन?"

साहेबांना ते सगळं समजलं. आसगावचीच भाषा होती.  "तुमचा भाऊ बरोबर बोलतो," ते आजोबांना म्हणाले. कागदाची घडी घातली आणि भासऱ्यांच्या हातात दिली.

उद्घाटन छान झालं. तुमची आई आणि मी पुढे बसलो होतो. त्यांनी फीत कापली, नारळ एका फटक्यात फुटला, त्याचं लोकांना कौतुक वाटलं. भाषण मराठीत केलं. "मायबापहो, म्या खूप देशांत भाषनं लिहून देल्ली. आज पयल्यांदा मायं स्वतःचं करून राहिलो." मग काय बोलावं ते त्यांना सुचेना. उभे राहिले. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. भासरे मांडवाच्या खांबाला टेकून असे उभे होते, जणू धान पिकवावं तसा हा माणूस त्यांनीच पिकवला होता.

बातमी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली, अमुक देशाचे राजदूत यांच्या हस्ते मंडईचं उद्घाटन. साहेबांनी ती वाचली. "वार्ताहर आला नव्हता," ते म्हणाले. "पत्रकावरून उतरवली आहे." आणि कागद बाजूला ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला काळजी दिसली नाही. थोडी लाज दिसली.

ती बातमी दिल्लीला कशी पोचली ते मला माहीत नाही. आफ्रिकेचे राजदूत असं छापलं असतं तर कुणी हसून सोडून दिलं असतं. देशाचं नाव होतं म्हणून वकिलातीने तक्रार केली. बडतर्फ झालेला माणूस स्वतःला आमचा राजदूत म्हणवून समारंभ करतो आहे, त्याला परत पाठवा.

पोलीस कार्यालयातले, परदेशी लोकांचं काम पाहणारे फौजदार घरी आले. सभ्य माणूस. त्यांची पुतणी माझी विद्यार्थिनी होती. निरोप गेला होता म्हणून भासरेही आसगावहून आले होते. साहेब नेहमीच्या खुर्चीत, टाय लावून.

"हे पाहा," फौजदार आजोबांना म्हणाले, "काही मोठी गोष्ट नाही. मंडळानं लिहून द्यावं, की पत्रक आम्ही आमच्या मनानं छापलं. साहेबांना मराठी येत नाही, त्यांना दाखवलंही नव्हतं. बस्स. मी तसा अहवाल पाठवतो आणि परवानगी वाढते."

"देतो न जी लिहून," भासरे लगेच म्हणाले. "चूक आमचीच हाय. साहेबानं थोडीच सांगतलं होतं, मले राजदूत लिहा म्हून. आना कागद, अंगठा नाही, सही करतो."

आजोबांनी कागद आणला. फौजदारांनी पेनाचं टोपण काढलं. मला आठवतं की मी सुटकेचा श्वास घेतला आणि चहाकडे वळले.

"मले मराठी येते जी," साहेब म्हणाले.

फौजदारांना वाटलं, गंमत करतायत. ते हसले.

"म्या वाचलं होतं," साहेब म्हणाले. "छापाच्या आधी. देशाचं नाव म्याच लिहिलं. राजदूत लिहिलं होतं ते मले समजलं होतं. म्या राहू देल्लं."

फौजदारांनी पेन तसंच धरून ठेवलं. "साहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी हे ऐकलं नाही असं समजतो. तुम्ही आत जाऊन पडा थोडा वेळ."

"लिहा जी. म्या सांगून राहिलो ते लिहा."

"अरे, काहून असं करून राहिले तुम्ही?" भासरे उठून उभे राहिले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे वळून सरळ मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही समजवा न यायले. तुमचं ऐकतात."

मी इंग्रजीत सांगितलं. मी म्हणाले, हा एक शब्द आहे, त्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. तिथे परत गेलात तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे.

ते मला इंग्रजीतच म्हणाले, "मॅडम, सरकारचं खोटं मी आयुष्यभर माझ्या सहीने खपवलं. ते काम होतं. हे एवढंच खोटं मी माझ्या हौसेसाठी बोललो. पत्रकावर ते शब्द पाहिले आणि मला बरं वाटलं. आता ते मी तुमच्या भासऱ्यांच्या सहीने खपवू? त्या माणसाने मला बांधावर उभं केलं."

"भाऊंना चालणार आहे," मी म्हणाले.

"हो. म्हणूनच."

मी याचं मराठी केलं नाही. भासऱ्यांनी विचारलं, काय म्हणाले, तर मी म्हटलं, ऐकत नाहीत. फौजदारांनी साहेबांनी सांगितलं तेवढं लिहून घेतलं. चहा कुणी प्याला नाही.

परवानगी वाढली नाही. महिनाभराची मुदत मिळाली. त्या महिन्यात आमच्या घरात काही वेगळं घडलं नाही. ते पुलापर्यंत जात, रेडिओ ऐकत. तुमच्या आईला भूगोलाच्या परीक्षेला मदत केली. आजोबा नागपूरला, मुंबईला ओळखीच्या लोकांना भेटून आले. लोक सहानुभूतीने ऐकत आणि दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगत. आजोबा त्या दिवसांत फार थकले. साहेबच त्यांना म्हणायचे, "आता बसा, मित्रा. मी या धंद्यात होतो. ज्यांना मदत करायची असते ते दुसऱ्याचं नाव सांगत नाहीत."

भासरे त्या महिन्यात आले नाहीत. रागावले होते. आपण दिलेला हात साहेबांनी झटकला, असं त्यांना वाटलं. आजोबांनी आसगावला जाऊन सगळं समजावून सांगितलं. भासरे म्हणाले, "एवढं खरं बोलाचं होतं, तं पत्रक पाहताना बोलाचं."  

तरी जाण्याच्या दिवशी वरठीच्या स्टेशनवर ते आले. साहेबांशी बोलले नाहीत. गाडी येईपर्यंत दोघे एका बाकावर बसून रुळांकडे पाहत होते. गाडी दिसली तेव्हा भासरे आजोबांना म्हणाले, "साहेबाले विचार, बाप हाय का अजून त्यायचा." साहेब शेजारीच होते. साहेब आजोबांना म्हणाले, "सांगा, नाही. शेती भाऊ करत होता. आता कोन करते, मले मालूम नाही." भासऱ्यांनी मान हलवली. पेट्या त्यांनी स्वतः डब्यात चढवल्या.

त्यानंतर काही कळलं नाही. पत्र येणार नाही हे त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पत्रामुळे आम्हाला त्रास झाला नसता, पण आमच्या पत्त्यामुळे त्यांना झाला असता. त्यांच्या देशाची बातमी वर्तमानपत्रात क्वचित येई, दोन-चार ओळींची. तुमची आई विचारायची, काका तुरुंगात आहेत का. मी सांगायचे, माहीत नाही. तिला ते उत्तर आवडत नसे.

पुढे काही वर्षांनी, आजोबा निवृत्तीला आले असताना, त्या देशाचे दोन अधिकारी पुन्हा चिखल्याची खाण पाहायला आले. एक वयाने मोठा, लष्करी पेहरावातला. दुसरा तरुण, त्याच्या बॅगा सांभाळणारा. खाण दाखवायला आजोबांना बोलावलं होतं. चहाच्या वेळी आजोबांनी न राहवून त्या तरुणाला साहेबांचं नाव घेऊन विचारलं, ओळखता का. तरुण मोठ्याने म्हणाला, "नाही. असं नाव मी ऐकलेलं नाही." मोठा अधिकारी चहा ढवळत राहिला.

निघताना मोठा अधिकारी जीपमध्ये पुढे बसला. तरुण मागे रेंगाळला, आजोबांचा हात हातात घेतला आणि तोंड फारसं न उघडता म्हणाला, "ते विचारतात, तुमचे थोरले भाऊ कसे आहेत." आणि जीपमध्ये चढला.

आजोबा घरी आले तेव्हा त्यांनी आधी पाणी मागितलं, मग हे सांगितलं. दोनदा सांगितलं.

रविवारी आम्ही आसगावला गेलो. भासरे अंगणात खाटेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शेतावर जाणं बंद झालं होतं. आजोबांनी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं.

"जिता हाय म्हंजे," भासरे म्हणाले.

"हो."

"कुठी हाय? घरी का आतमंदी?"

"ते सांगितलं नाही."

भासरे मग म्हणाले, "तू काय सांगतलं त्या पोराले? मी बरा आहो म्हून सांगतलं का?"

"जीप निघून गेली, भाऊ. मला बोलताच आलं नाही."

"मंग त्यायले कसं समजन?"

 भासऱ्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. मी कुठे उभी आहे ते त्यांना आता दिसत नव्हतं, पण विचारलं मलाच. "सांगा न, मास्तरीणबाई. त्यायले कसं समजन?"